परदेशी पाहुणे, व्हिसा आणि साथीचे नियम : मुंबईत नव्याने होमस्टे किंवा टूर सुरू करणाऱ्यांसाठी

ओळखीतले बरेच जण हल्ली विचारतात की मुलगा बाहेरगावी गेलाय, एक खोली रिकामीच आहे, तिथे परदेशी पाहुणे ठेवले तर चालेल का, किंवा गाइडचं काम सुरू करायचंय तर काय काय लागतं. प्रत्येकाला वेगवेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदा नीट लिहून काढते. मी गिरगावात राहते, घरी पाहुणे ठेवते आणि फोर्ट, खोताची वाडी, बाणगंगा या भागात लोकांना फिरवते, कोविडच्या आधीपासून. खोली कशी सजवायची, नाश्त्याला काय द्यायचं याचे व्हिडिओ भरपूर आहेत, ते बघून घ्या. मी लिहिणार आहे व्हिसा, नोंदणी आणि साथीच्या नियमांबद्दल, कारण आपलं काम बंद पडतं ते तिथेच आणि सुरू होतं तेही तिथूनच.

२०१९ मध्ये भारतात साधारण १ कोटी ९ लाख परदेशी पर्यटक आले, २०२० मध्ये २७ लाख (तेही बहुतेक पहिल्या अडीच महिन्यातले) आणि २०२१ मध्ये १५ लाखांच्या आसपास. गेटवेचे फोटोवाले, घारापुरीचे लाँचवाले, कुलाबा कॉजवेचे स्टॉलवाले, टॅक्सीवाले, आमच्यासारखे गाइड, सगळ्यांचं घर ह्याच माणसांवर चालतं.

सुरू करण्याआधी हे समजून घ्या

लोकांच्या डोक्यात असं असतं की कोविडमध्ये सगळं बंद झालं आणि मग एक दिवस सगळं उघडलं. तसं नव्हतं झालं. दार व्हिसाच्या प्रकाराप्रमाणे बंद झालं आणि प्रकाराप्रमाणेच उघडलं, आणि हे ज्याला कळलं तो तगला.

११ मार्च २०२० ला सरकारने जाहीर केलं की १३ मार्चपासून जवळजवळ सगळे व्हिसा स्थगित. त्यातून कोण वगळले होते? डिप्लोमॅटिक, ऑफिशियल, युनोसारख्या संस्थांचे, एम्प्लॉयमेंट आणि प्रोजेक्ट व्हिसावाले. टुरिस्ट व्हिसा पहिल्या दिवशीच गेला, ओसीआय कार्डवाल्यांची (म्हणजे भारतीय वंशाचे पण परदेशी नागरिक) व्हिसाशिवाय येण्याची सोयसुद्धा थांबवली, म्हणजे अमेरिकेत राहणारा आपलाच भाचा आजीला भेटायला येऊ शकत नव्हता. मग २२ मार्चपासून आंतरराष्ट्रीय विमानंच बंद, २५ मार्चपासून लॉकडाउन. पुढे जुलैपासून एकेका देशाशी एअर बबल करार झाले, म्हणजे त्या दोन देशांपुरती ठरावीक विमानं, आणि ऑक्टोबर २०२० मध्ये ओसीआयवाले आणि बाकीचे बहुतेक व्हिसा परत चालू केले, पण त्यातून ई-व्हिसा (ऑनलाइन मिळणारे), टुरिस्ट आणि मेडिकल वगळले, उपचारासाठी येणाऱ्यांना मात्र नवीन मेडिकल व्हिसा मागता येत होता. टुरिस्टची पाळी कधी आली, तर चार्टर विमानाने येणाऱ्यांसाठी १५ ऑक्टोबर २०२१ आणि साध्या विमानाने येणाऱ्यांसाठी १५ नोव्हेंबर २०२१. म्हणजे वीस महिने. त्यातही जुना व्हिसा चालत नव्हता, नवीन काढावा लागायचा, पाच वर्षांचे जुने ई-टुरिस्ट व्हिसा १६ मार्च २०२२ ला पुन्हा जिवंत झाले आणि नेहमीची आंतरराष्ट्रीय विमानं २७ मार्च २०२२ पासून.

आता ह्याचा तुमच्या खोलीशी संबंध असा की ज्यांच्याकडे फक्त टुरिस्ट यायचे त्यांचं वीस महिने काहीच नव्हतं, आणि ज्यांच्याकडे बीकेसीत किंवा पवईत नोकरी करणारा एखादा परदेशी माणूस, कॉलेजचा परदेशी विद्यार्थी, परळला उपचारासाठी आलेल्या पेशंटचे नातेवाईक असे राहायचे त्यांचं काहीतरी चालू राहिलं. म्हणून पाहुणा घेताना नाव, देश, तारखा याच्याबरोबर व्हिसाचा प्रकार पण विचारायचा आणि वहीत लिहायचा. पुढचं सगळं त्यावर आहे.

पहिली पायरी : आधी स्वतःचे कागद

सोसायटीची लेखी ना हरकत घ्या, तोंडी नको. सेक्रेटरी चांगले असतात हो, पण सेक्रेटरी बदलतात. मग राज्याच्या पर्यटन खात्याची निवास व न्याहरी योजना आहे त्यात नोंदणी करा. गाइड व्हायचं असेल तर सरकारी मान्यतेचं लायसन्स घ्या, घारापुरी किंवा कान्हेरीसारख्या पुरातत्त्व खात्याच्या लेण्यांमध्ये तसंही ते लागतंच.

बरेच जण म्हणतात नोंदणीने काय मिळतं, उलट चौकशा वाढतात. मी त्यांना जून २०२१ सांगते. केंद्र सरकारने कोविडमध्ये अडकलेल्या पर्यटनवाल्यांसाठी सरकारी हमीचं कर्ज जाहीर केलं, मान्यताप्राप्त ट्रॅव्हल एजन्सीला १० लाखांपर्यंत आणि लायसन्सवाल्या गाइडला १ लाखापर्यंत, तारण न ठेवता. पण ते पर्यटन मंत्रालयाची किंवा राज्य सरकारची मान्यता असलेल्यांनाच. वर्षानुवर्षं गेटवेवर उत्तम काम करणारी, चार-चार भाषा बोलणारी माणसं होती, ज्यांच्याकडे कागद नव्हता म्हणून ती त्या यादीतच नव्हती. मला त्याचं आजही वाईट वाटतं. तुम्ही नव्याने सुरू करताय तर हे काम आधी करा, पहिला पाहुणा यायच्या आधी.

दुसरी पायरी : व्हिसा वाचायला शिका

पाहुण्याने बुकिंग केलं की त्याच्याकडून पासपोर्टचं पहिलं पान आणि व्हिसाची कॉपी मागवा. लाजायचं नाही, हॉटेलवाले पण मागतात. काय बघायचं ते सांगते.

पासपोर्ट भारतात येण्याच्या दिवसापासून पुढे निदान सहा महिने चालणारा हवा आणि दोन कोरी पानं हवीत. ई-टुरिस्ट व्हिसा तीन प्रकारचे असतात, ३० दिवसांचा, एक वर्षाचा आणि पाच वर्षांचा. ३० दिवसांचा वाढवून मिळत नाही, त्यामुळे पाहुणा म्हणाला की मुंबई आवडली, अजून दोन आठवडे राहतो, तर हो म्हणायच्या आधी त्याचा व्हिसा उघडून बघा. टुरिस्ट व्हिसावर नोकरी करता येत नाही, पगाराने तर नाहीच, म्हणून कुणी म्हणालं की इथे शूटिंगमध्ये काम मिळालंय आणि पैसे देणार आहेत तर त्याला स्पष्ट सांगा की आधी योग्य व्हिसा घे. त्यात तुमचाही पत्ता अडकतो.

ई-व्हिसाची सरकारी साइट एकच आहे, इंडियन व्हिसा ऑनलाइन डॉट गव्ह डॉट इन. हुबेहूब तशाच दिसणाऱ्या खाजगी साइट खूप आहेत, त्या दुप्पट-तिप्पट पैसे घेतात, त्यामुळे बुकिंग कन्फर्म करताना पहिल्याच मेसेजमध्ये ही साइट लिहून पाठवायची सवय लावा. आणि ऑक्टोबर २०२५ पासून परदेशी लोकांना ई-अरायव्हल कार्ड ऑनलाइन भरता येतं, येण्याच्या आधीच्या ७२ तासांत, त्यात राहण्याचा पत्ता लागतो, तेव्हा तुमचा पूर्ण पत्ता पिनकोडसकट इंग्रजीत तयार ठेवा. आमच्याकडे चाळीचं नाव, मजला, गल्ली असा पत्ता असतो, पाहुणा तो अर्धाच लिहितो आणि विमानतळावर त्याला प्रश्न येतात.

पिवळा ताप विसरू नका. आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेतल्या ठरावीक देशांतून येणाऱ्याला पिवळ्या तापाच्या लशीचं कार्ड लागतं, नसेल तर सहा दिवसांपर्यंत क्वारंटाइनमध्ये ठेवू शकतात. हे कोविडच्या कितीतरी आधीपासून आहे. भारतातून केनियाला फिरून परत येणाऱ्या आपल्या माणसालाही हे लागू आहे.

तिसरी पायरी : फॉर्म सी

ह्यात अजिबात ढिलाई नको. परदेशी माणूस तुमच्या घरी राहायला आला की २४ तासांच्या आत त्याची माहिती ब्युरो ऑफ इमिग्रेशनच्या पोर्टलवर भरायची, त्याला सगळे फॉर्म सी म्हणतात. पैसे घेऊन ठेवा नाहीतर मित्र म्हणून फुकट ठेवा, भरायचाच. १ सप्टेंबर २०२५ पासून परदेशी नागरिकांचा नवीन कायदा लागू झालाय, जुना १९४६ चा फॉरेनर्स ॲक्ट वगैरे चार कायदे जाऊन एकच आला, पण घर देणाऱ्याची ही जबाबदारी तशीच आहे.

एकदा पोर्टलवर स्वतःचं घर रजिस्टर करायचं, त्याला मंजुरी यायला वेळ लागू शकतो म्हणून ते बुकिंग घेण्याच्या आधीच करून ठेवा. मग प्रत्येक पाहुण्यासाठी फोटो, पासपोर्ट नंबर, व्हिसा नंबर, भारतात कधी आला, आधी कुठे होता, इथून कुठे जाणार हे भरायचं. पहाटे तीनला सहार विमानतळावरून थकून आलेल्या माणसाला त्याच वेळी प्रश्न विचारू नका, त्याला झोपू द्या, चहानंतर बसा, पाच-दहा मिनिटांचं काम आहे. भरल्यावर पीडीएफ डाउनलोड करून एक प्रिंट त्याला द्या, एक तुमच्याकडे. तो गेला की त्याच्या जाण्याची नोंदही त्याच दिवशी करून टाका.

ती प्रिंट पाहुण्याला का द्यायची तर त्याला पुढे व्हिसाचं काही काम पडलं, मुदत वाढवायची, पासपोर्ट हरवला, तर राहण्याचा पुरावा म्हणून हाच कागद लागतो. मार्च २०२० मध्ये जे परदेशी लोक मुंबईत अडकले त्यांचे व्हिसा संपत होते, तेव्हा सरकारने मुदत विनाशुल्क वाढवून दिली, पण सुरुवातीला त्यासाठी ऑनलाइन अर्ज करावा लागायचा आणि अर्जात राहण्याचा पुरावा मागायचे. ज्या यजमानांनी फॉर्म सी भरला होता त्यांच्या पाहुण्याचं काम घरबसल्या झालं. ज्यांनी भरला नव्हता ते लॉकडाउनमध्ये धावपळ करत होते, पोलीस चौकीत, कॉन्सुलेटला फोन लावत. नंतर मुदत वाढत वाढत सप्टेंबर २०२१ पर्यंत गेली.

चौथी पायरी : जास्त दिवस राहणारे

नोकरीसाठी, शिकण्यासाठी आलेले, ज्यांना सगळे एक्सपॅट म्हणतात, त्यांच्यासाठी आणखी दोन गोष्टी आहेत. एक म्हणजे एफआरआरओकडे, म्हणजे परदेशी नागरिकांच्या नोंदणीच्या सरकारी ऑफिसकडे, नोंदणी. १८० दिवसांपेक्षा जास्त मुदतीच्या एम्प्लॉयमेंट, स्टुडंट, रिसर्च, मेडिकल व्हिसावर आलेल्याला येऊन १४ दिवसांच्या आत नोंदणी करावी लागते, आणि व्हिसावर तशी सूचना छापलेली असते ती वाचा. मुंबईचं ऑफिस सीएसएमटीजवळ बद्रुद्दीन तय्यबजी मार्गावर, सेंट झेवियर्स कॉलेजच्या मागे आहे, पण तिथे जाऊन रांग लावायची गरज सहसा पडत नाही, सगळं ई-एफआरआरओवर ऑनलाइन होतं, बोलावलं तरच जायचं.

दुसरं म्हणजे लीव्ह अँड लायसन्स करार. महाराष्ट्रात तो रजिस्टर करावाच लागतो, अकरा महिन्यांचा असला तरी, आणि भाडेकरूची माहिती पोलिसांना द्यायची. परदेशी माणसाचं नाव पासपोर्टवर जसं आहे तसंच करारात लिहून घ्या, मधलं नाव गाळलं की एफआरआरओचा अर्ज परत येतो.

व्हिसा संपायच्या आधी अर्ज करायला लावा. मुदत उलटली की दंड आणि बाहेर पडताना एक्झिट परमिट (देश सोडायची परवानगी), आणि पुढच्या व्हिसाला त्रास. मी तर दीड-दोन महिने आधीच आठवण करते, माझ्या मोबाइलमध्येच रिमाइंडर असतो, कारण नवीन शहरात आलेल्या माणसाला ऑफिस, घर, लोकल ह्या सगळ्यात तारीख लक्षात राहत नाही आणि इथे त्याचं दुसरं कोणी नसतं.

पाचवी पायरी : नियम कुणाचा ते ओळखा

साथीच्या काळात सगळ्यात जास्त गोंधळ इथे व्हायचा. व्हिसा कुणाला द्यायचा हे गृह मंत्रालय ठरवतं. विमान उडणार का हे डीजीसीए, म्हणजे विमान वाहतुकीचं सरकारी खातं. टेस्ट, लस, क्वारंटाइन हे आरोग्य मंत्रालय. आणि विमानातून उतरून मुंबईत पाऊल टाकलं की राज्य सरकार आणि बीएमसी. चौघांचे आदेश एकाच वेळी चालू असतात आणि ते जुळतीलच असं नाही.

ओमायक्रॉनचं उदाहरण घ्या. ३० नोव्हेंबर २०२१ ला महाराष्ट्राने जोखमीच्या देशांतून येणाऱ्यांना सात दिवस संस्थात्मक क्वारंटाइन आणि देशातल्या देशात विमानाने येणाऱ्यांनाही आरटीपीसीआर असे स्वतःचे कडक नियम काढले, केंद्राने लगेच पत्र लिहिलं की हे आमच्या नियमांशी जुळत नाही, आणि दोन दिवसांत राज्याने ते बदलले. त्या दोन दिवसांत जो विमानात बसला होता त्याचा विचार करा, बसताना एक नियम, उतरताना दुसरा. व्हॉट्सॲपवर तेव्हा तिन्ही प्रकारचे आदेश फिरत होते, सगळे खरेच, फक्त तारखा वेगळ्या.

म्हणून आदेश हातात आला की चारच गोष्टी बघायच्या, कुणी काढला, कोणत्या तारखेचा, कधीपासून लागू आणि कुणाला लागू. 'लागू' ही वेळ कधी विमान निघण्याच्या ठिकाणची असते, कधी इथे उतरण्याची. १३ मार्च २०२० पासून लागू झालेला आदेश निघण्याच्या ठिकाणच्या हिशोबाने होता, त्यामुळे आधी निघालेला माणूस उतरू शकला. असे बारकावे पाहुण्याला समजावून सांगणारा यजमान त्याला आयुष्यभर लक्षात राहतो.

एअर सुविधाचा फॉर्म, म्हणजे परदेशातून येणाऱ्याने आधी ऑनलाइन भरायची तब्येतीची माहिती, नोव्हेंबर २०२२ मध्ये बंद झाला, तरी डिसेंबरच्या शेवटी चीन, जपान, दक्षिण कोरिया, थायलंडसारख्या काही देशांसाठी परत आणला आणि २०२३ च्या फेब्रुवारीत पुन्हा काढला. म्हणजे संपलेला नियम परत येऊ शकतो, त्यामुळे जुने नियम ठेवलेले फोल्डर फेकू नका.

सहावी पायरी : पैशांचा नियम आधीच लिहा

बुकिंगच्या अटींमध्ये एक वेगळी ओळ टाका, सरकारने व्हिसा किंवा विमान थांबवलं तर काय. मी पूर्ण पैसे परत देते किंवा दोन वर्षांत कधीही या असा पर्याय देते, निवड पाहुण्याची. काही जण म्हणतात पैसे परत का द्यायचे, आपली चूक नाही. पण त्याचीही नाही ना. आणि एक सांगते, २०२२ मध्ये दार उघडल्यावर पहिले फोन त्यांचेच आले ज्यांना आम्ही पैसे परत दिले होते. यासाठी ॲडव्हान्सचे पैसे पाहुणा येऊन जाईपर्यंत घरखर्चात मिसळू नका, वेगळ्या खात्यात ठेवा. पाहुण्याला ट्रॅव्हल इन्शुरन्स घ्यायला सांगा, आणि त्यात साथीमुळे झालेलं कॅन्सलेशन धरलंय का ते वाचायला सांगा, बऱ्याच पॉलिसीत नसतं.

सातवी पायरी : आपले लोक

ह्यावर मी सगळ्यात ठाम आहे. फक्त परदेशी पाहुण्यांवर धंदा उभा करू नका. देशातली विमानं २५ मे २०२० लाच परत सुरू झाली होती, परदेशी पर्यटकांच्या जवळजवळ दीड वर्ष आधी. घरात बसून कंटाळलेले डोंबिवली, ठाणे, पुण्याचे लोक निर्बंध उठले की लगेच बाहेर पडायचे. शिवडीचे फ्लेमिंगो, बाणगंगेचा परिसर, खोताची वाडी, कान्हेरी हे आयुष्यभर मुंबईत राहून न बघितलेले कितीतरी मराठी लोक आहेत, आणि मराठीतून, वेळ देऊन दाखवणारं कोणी असेल तर ते येतात, दुसऱ्यांदा येतात, आईवडिलांना घेऊन येतात. दर कमी मिळतो हे खरं, घारापुरीला प्रवेशाचंच बघा ना, भारतीयाला ४० रुपये आणि परदेशी माणसाला ६००, तसाच फरक आपल्या फीमध्येही पडतो. पण दार बंद झालं तरी हे लोक इथेच असतात. आठवड्याची एक वॉक तरी मराठीतून ठेवा, सुरुवातीला चारच जण आले तरी चालू ठेवा. (घारापुरी सोमवारी बंद असते, नवीन गाइड हमखास विसरतात.)

बातमी आली की पहिले दोन दिवस

कुठेतरी नवीन साथ, एखाद्या देशावर बंदी, अशी बातमी आली की हे करा, ह्याच क्रमाने.

घरात आत्ता असलेला पाहुणा पहिला. त्याचा व्हिसा किती तारखेपर्यंत आहे ते बघा, त्याच्या कॉन्सुलेटच्या साइटवर नाव नोंदवायला लावा, औषधं किती दिवसांची आहेत विचारा. २०२० मध्ये भारतात आधीच असलेल्यांचे व्हिसा चालूच राहतील असं व्हिसा थांबवणाऱ्या आदेशातच लिहिलं होतं, पण घाबरलेला माणूस तेवढं वाचत नाही, त्याला शांतपणे दाखवा. ३१ मार्च २०२० ला पर्यटन मंत्रालयाने अडकलेल्या परदेशी पर्यटकांसाठी 'स्ट्रँडेड इन इंडिया' नावाचं पोर्टलही काढलं होतं, अशी काही सोय निघाली तर तिथे नाव टाका. नंतर लशीचंसुद्धा तसंच झालं, ऑगस्ट २०२१ पासून इथे राहणाऱ्या परदेशी लोकांना पासपोर्टवर कोविनमध्ये (लशीच्या सरकारी पोर्टलवर) नोंदणी करता यायला लागली, पण कित्येकांना हे त्यांच्या घरमालकाने सांगितलं म्हणून कळलं.

मग पुढच्या एका महिन्यातली बुकिंग. वहीतून व्हिसाचे प्रकार बघा, टुरिस्टवाल्यांना आधी कळवा, कारण त्यांच्यावर आधी येतं. ओसीआयवाल्यांना सांगा की तिकीट बदलता येईल असं ठेवा. एम्प्लॉयमेंटवाल्यांनी देश सोडून सुट्टीला जायचं ठरवलं असेल तर त्यांना परत यायच्या नियमांबद्दल कंपनीकडून लेखी विचारून घ्यायला लावा, कारण मार्च २०२० मध्ये आठवडाभरासाठी घरी गेलेली माणसं महिनोन्महिने परत येऊ शकली नाहीत आणि त्यांचं सामान, भाडं, मुलांची शाळा सगळं इथे तसंच राहिलं.

शेजाऱ्यांशीही बोला. तेव्हा परदेशातून आलेल्यांच्या डाव्या हातावर होम क्वारंटाइनचा शिक्का मारायचे, आणि तो बघून लिफ्टमध्ये लोक बाजूला व्हायचे, काही ठिकाणी तर पाहुण्याला दूध-पाणी आणायलाही बाहेर पडू दिलं नाही. तुमचा पाहुणा कुठून आलाय, टेस्ट झालीय का, किती दिवस खोलीत राहणार हे सेक्रेटरीला तुम्हीच आधी जाऊन सांगितलंत की निम्मी भीती तिथेच कमी होते. डबा दाराबाहेर ठेवायचा, कचरा वेगळ्या पिशवीत, आणि दिवसातून दोनदा फोन करून विचारायचं, बरं वाटतंय ना.